स्पायडर-मॅन आणि त्याची स्पायडर-मोबिल: खेळण्यासाठीच जन्मलेली गाडी (परीक्षण)

कागदी_होडी

मे महिन्यात दादा सिएटलहून घरी आला. बॅगेच्या मधोमध, दोन जॅकेटांत गुंडाळलेलं एक खोकं माझ्यासाठी होतं. फंको या अमेरिकी खेळणी-कंपनीच्या पॉप राइड्स मालिकेतला स्पायडर-मॅन आणि त्याच्या बुडाखाली त्याची स्पायडर-मोबिल! ही जोडी मी चार वर्षं शोधत होते. आल्या आल्या लिहायचं टाळलं, कारण नव्या वस्तूच्या आनंदात सगळंच गोड दिसतं. आता महिनाभर रोज येता-जाता बघून झालंय.

ज्यांना या छंदाची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पॉप म्हणजे मोठ्या डोक्याच्या, बारक्या अंगाच्या विनाइलच्या आकृत्या. उभ्या आकृतीची उंची साधारण पावणेचार इंच, म्हणजे साडेनऊ सेंटिमीटर. बहुतेकांना काळेभोर गोल डोळे असतात आणि तोंड नसतंच. राइड्स मालिकेत पात्र वाहनासकट येतं.

आता वस्तूकडे वळते. गाडी लाल-निळी, वर जाळ्याच्या रेषा, उघडी ड्यून बग्गी. वाळूच्या टेकड्यांवर पळवतात तशी, जाड चाकांची आणि छप्पर नसलेली. आत आपला गडी जुन्या, मूळच्या लाल-निळ्या पोशाखात. मुखवटा असल्यामुळे काळ्या गोल डोळ्यांऐवजी पांढरे मोठे डोळे आणि त्यांना काळी किनार. माझ्या मते या चेहऱ्याला पॉपची घडण इतर कुठल्याही नायकापेक्षा जास्त शोभते. बाकीच्यांचं तोंड काढून टाकावं लागतं, त्यांचं काहीतरी हरवल्यासारखं वाटतं. स्पायडर-मॅनला मुळात तोंड दिसतच नाही. चित्रकार स्टीव्ह डिटको यांनी १९६२ साली त्याचा पूर्ण चेहरा झाकला तेव्हापासून त्याचे सगळे भाव डोळ्यांच्या आकारातूनच काढावे लागतात. ते काम इथे त्या दोन पांढऱ्या पाकळ्या करतात. उजवीकडून पाहिलं तर गडी चकित झालेला दिसतो, समोरून पाहिलं तर एकाग्र.

दुसरी गोष्ट मला आठवडाभराने लक्षात आली. पॉपची कमजोर जागा म्हणजे पाय. एवढं मोठं डोकं त्या काडीसारख्या पायांवर तोलायचं, म्हणून कितीतरी आकृत्या उभ्या राहताना पुढे झुकतात किंवा त्यांना खाली पारदर्शक चकती लागते. गाडीत बसवलं की हा प्रश्नच मिटतो. पाय आत जातात, वजन चार चाकांवर पसरतं, आणि डोक्याचा मोठेपणा एकदम गोंडस वाटायला लागतो. लहान मूल मोठ्यांच्या खुर्चीत बसतं ना, तसं. शिवाय गाडी उघडी असल्यामुळे डोक्याला जागा आहे. छप्पर असतं तर गाडी तरी अवाढव्य करावी लागली असती किंवा डोकं तरी बारीक. या साच्यासाठी ड्यून बग्गीइतकी सोयीची गाडी दुसरी नाही.

आता त्या गाडीची गोष्ट, कारण ती माहीत नसेल तर हे खेळणं अर्धंच दिसतं.

ही गाडी कॉमिक्समध्ये आली 'अमेझिंग स्पायडर-मॅन'च्या १३०व्या अंकात, मार्च १९७४. त्याआधी १२६व्या अंकात कोरोना मोटर्स नावाच्या काल्पनिक कंपनीची जाहिरात करणारी माणसं स्पायडर-मॅनला गाठतात. त्यांना आपल्या प्रदूषण न करणाऱ्या इंजिनाचा गाजावाजा करायचा असतो. पीटर पार्करच्या, म्हणजे मुखवट्यामागच्या स्पायडर-मॅनच्या, खिशात नेहमीप्रमाणे पैसे नसतात, म्हणून तो हो म्हणतो. ह्यूमन टॉर्च म्हणजे जॉनी स्टॉर्म हा दुसरा नायक त्याला गाडी बांधायला मदत करतो. गंमत अशी की पीटरला गाडी चालवता येत नाही. न्यूयॉर्कमध्ये वाढलेला मुलगा, त्याला कधी गरजच पडली नव्हती.

तेव्हाचे लेखक जेरी कॉन्वे यांनी नंतर मोकळेपणाने सांगितलं आहे की खेळण्यांच्या कंपनीला गाडी हवी होती म्हणून ती कथेत घालावी लागली. हा तोच काळ आहे ज्यात कॉन्वे यांनी जून १९७३च्या १२१व्या अंकात पीटरची प्रेयसी ग्वेन स्टेसी हिचा मृत्यू लिहिला. बग्गीच्या फक्त एक अंक आधी, १२९व्यात, त्यांनी पनिशर हा बंदूकधारी, सूड घेणारा माणूस आणला. इतक्या गंभीर लिखाणाच्या मध्ये ही लाल-निळी बग्गी येऊन उभी राहिली. वाचकांना ती रुचली नाही. फेब्रुवारी १९७५च्या १४१व्या अंकात ती नदीत बुडाली.

कथेत तिला कधी घर मिळालं नाही. माझ्या कपाटात मात्र ती अगदी तिच्या जागी आहे असं वाटतं, आणि हेच सांगण्यासाठी हा धागा काढला. ती पहिल्यापासून खेळणंच होती. कथेने तिला उगाच खरी गाडी व्हायला लावलं.

रंगकाम आणि टिकाऊपणा यावर जाणकारांनी लिहावं. खोक्याचा एक कोपरा प्रवासात दबलाय. मी खोकी जपून ठेवणाऱ्यांतली नाही, त्यामुळे चालेल.

मोगरा

किती छान लिहिलंय. पायांचा मुद्दा इतकी वर्षं डोळ्यांसमोर असून कधी सुचला नव्हता. माझ्याकडचा घोस्ट रायडरही मोटरसायकलवर बसलेला आहे, आणि सबंध फळीवर तोच एक कधी पडत नाही!

दिंडी_दरवाजा

परीक्षण आवडलं, निष्कर्ष पटला नाही. मतभेद नोंदवतो.

वाहन आणि नायक यांचं नातं असावं लागतं. इंद्रजाल कॉमिक्समधून मराठीत वेताळ वाचत मोठे झालेल्या आम्हाला तो पांढऱ्या घोड्याशिवाय डोळ्यांसमोर येत नाही. घोडा काढला तर जंगल अर्धं होतं. बॅटमॅनचंही तसंच. त्याच्याकडे कुठलीही अद्भुत शक्ती नाही. बुद्धी, पैसा आणि यंत्रं एवढंच त्याचं बळ, म्हणून गाडी हा त्याच्या अंगाचाच भाग ठरतो. घोस्ट रायडरला १९७२ साली पहिल्या गोष्टीतच मोटरसायकल मिळाली, नावातच स्वार आहे.

स्पायडर-मॅनचं सगळं सौंदर्य उंच इमारतींमधून झोके घेण्यात आहे. त्याचं वाहन म्हणजे त्याचं जाळं. त्याला गाडीत बसवणं म्हणजे गरुडाला रिक्षात बसवणं. खेळणं सुबक असेल, पण त्या नायकाचं काय उरलं?

कागदी_होडी

दिंडी_दरवाजा, तुमचं म्हणणं कथेपुरतं शंभर टक्के मान्य. गाडीत बसलेला स्पायडर-मॅन कथेत शोभत नाही.

पण टेबलावरचं खेळणं झोके घेऊ शकत नाही. झोका घेणाऱ्या स्पायडर-मॅनच्या आकृत्या मी पाहिल्यात. पारदर्शक काठीवर अडकवलेल्या असतात, आणि माझी नजर आधी त्या काठीवर जाते. बसलेला गडी प्रामाणिकपणे बसलेला असतो. लेक शाळेतून आली की गाडी टेबलावर दोन वेळा पुढे-मागे सरकवते आणि मग दप्तर ठेवते. तेवढ्यात जे होतं ते उभ्या आकृतीत होत नाही.

अक्कलकाढा

बॅटमोबिलचा विषय निघालाच आहे तर. १९६६च्या दूरचित्रवाणी मालिकेतली बॅटमोबिल बॅटमॅनसाठी बनलेलीच नव्हती. ती मूळची लिंकन फ्युचुरा, १९५५ सालची प्रदर्शनातली गाडी, इटलीत तुरिनमध्ये घिया यांच्या कारखान्यात हाताने बांधलेली. मोत्यासारखा पांढरा रंग, दोन काचेचे घुमट. तिचं पुढे काही झालं नाही. गाड्यांना नवं रूप देणारे जॉर्ज बॅरिस यांनी ती एका डॉलरला घेतली. मालिकेचं काम अंगावर आलं तेव्हा नवी गाडी बांधायला वेळ नव्हता, म्हणून अंगणात पडलेल्या फ्युचुरालाच तीन आठवड्यांत काळा रंग आणि पंख मिळाले. जानेवारी २०१३मध्ये अ‍ॅरिझोनात लिलाव झाला तेव्हा तिला ४२ लाख डॉलरची बोली लागली, दलाली धरून ४६ लाख २० हजार.

आणि त्याच साली, १९६६मध्ये, कॉर्गी या ब्रिटिश खेळणी-कंपनीची २६७ क्रमांकाची धातूची बॅटमोबिल निघाली. मागच्या नळ्यांतून रॉकेटं उडायची, पुढच्या टोकातून साखळी कापायचं पातं बाहेर यायचं. धाकट्या काकांकडे ती होती. रॉकेटं सगळी हरवली, पातं अजून चालतं. कॉर्गीने १९७९मध्ये स्पायडर-मॅनचीही बग्गी काढली होती, क्रमांक २६१. म्हणजे कागदी_होडी म्हणतायत ते खरंय, कथेतून बुडालेली गाडी खेळण्यांच्या दुकानात परत परत तरंगत वर आली.

साचेवाला

रंगकाम आणि टिकाऊपणा विचारलंय म्हणून लिहितो. भोसरीत साच्यांच्या धंद्यात बावीस वर्षं झाली. खेळणी आम्ही करत नाही, गाड्यांचे भाग करतो, पण प्लॅस्टिक ते प्लॅस्टिक.

विनाइलची आकृती आणि तिची कडक गाडी साधारणपणे दोन वेगळ्या पद्धतींनी बनतात. हे समजलं की परीक्षण कसं करायचं ते आपोआप कळतं.

विनाइलचं पोकळ डोकं असं बनतं. पीव्हीसीची भुकटी मऊ करणाऱ्या तेलकट द्रवात कालवून खिरीसारखं पातळ मिश्रण करतात, त्याला प्लास्टिसोल म्हणतात. ते धातूच्या पोकळ साच्यात ओतायचं, साचा बंद करून भट्टीत सगळ्या दिशांनी फिरवायचा. मिश्रण आतल्या भिंतीला सगळीकडे सारखं चिकटतं आणि शिजून घट्ट होतं. मग गरम असतानाच मानेच्या भोकातून चिमट्याने ओढून बाहेर काढतात. माल तेव्हा रबरासारखा असतो, म्हणून मोठं डोकं छोट्या भोकातून चेपून निघतं आणि बाहेर आल्यावर आपला आकार धरतं. यासाठी लागणारा साचा मेणाच्या मूळ आकृतीवर तांबं किंवा निकेल विजेने चढवून बनवतात, त्यामुळे त्याला दोन अर्ध्यांचा सांधा नसतो. म्हणूनच चांगल्या विनाइल डोक्यावर कडेने जाणारी रेघ दिसत नाही.

कडक भाग, म्हणजे चाकं, चेसिस, बंपर, हे पोलादी साच्याच्या दोन अर्ध्यांत दाबाने प्लॅस्टिक भरून करतात. तिथे सांध्याची रेघ येणारच. आमच्याकडे तिला पार्टिंग लाइन म्हणतात आणि बाहेर आलेल्या पातळ पापुद्र्याला फ्लॅश. रेघ असणं हा दोष नाही. ती कुठे ठेवली यात साचा करणाऱ्याचं डोकं दिसतं. चाकाच्या मधोमध किंवा मडगार्डच्या कडेखाली लपवली तर हुशार माणूस. बॉनेटच्या मधून गेली तर घाई झालीय.

होडीताई, तुमच्या गाडीचं बॉनेट दिव्याखाली तिरकं धरून बघा.

कागदी_होडी

आत्ताच बघितलं. बॉनेटवर कुठेही रेघ नाही! तिरक्या उजेडात बघायची युक्ती भारी आहे. आता घरातली प्रत्येक वस्तू तशी बघत सुटले आहे.

जाळ्याच्या रेषा इतक्या बारीक कशा येतात? त्या हाताने काढतात का?

साचेवाला

नाही. मोठे रंगाचे पट्टे फवाऱ्याने मारतात. त्यासाठी त्या त्या भागावर नेमका बसणारा धातूचा मुखवटा असतो. जिथे रंग हवा तिथे खिडकी, बाकी झाकलेलं. डोळे, चिन्हं आणि बारीक रेषा यांना बहुतेकदा पॅड छपाई, कारखान्यात टॅम्पो म्हणतात. कोरलेल्या पट्टीत शाई भरायची, वरची पुसायची, सिलिकोनचा मऊ गोळा तिच्यावर दाबून शाई उचलायची आणि वस्तूवर टेकवायची. गोळा मऊ असल्यामुळे गोल कपाळावरही छाप नीट बसतो. एका छापाला दोन-तीन सेकंद लागतात. पण जिथे उतार फार तीव्र तिथे छाप ताणला जातो. म्हणून मुखवट्यावरचं जाळं तपासायचं तर नाकापाशी बघू नका, तिथे सगळ्यांचं छान असतं. कानाच्या मागे बघा.

पेणची_पोर

पॅड छपाईबद्दल वाचून राहवलं नाही. आमच्या घरी तीन पिढ्या गणपतीच्या मूर्ती होतात. साचा, ओतणं, घासणं, अंगाचा रंग यात घरातलं कोणीही हात लावतं. डोळ्यांची आखणी मात्र काकाच करतो. सकाळी उजेड चांगला असताना, कोणाशी न बोलता. बुबुळ एका केसाइतकं सरकलं तर मूर्ती रागावलेली दिसते किंवा झोपलेली.

तर कागदी_होडीने लिहिलंय की उजवीकडून चकित आणि समोरून एकाग्र, ते वाचून मला वाटलं की कुठेतरी, कुणीतरी मूळ नमुना करणाऱ्याने हे डोळे असेच आखले असणार. नंतर गोळ्याने लाखभर वेळा छापले गेले असतील, पण पहिल्यांदा त्या पाकळ्यांची किनार किती जाड ठेवायची हे एका माणसाने बघून ठरवलं. त्या माणसाचं नाव खोक्यावर असायला हवं.

मोगरा

पेणची_पोर, शेवटच्या वाक्याला +१. पुस्तकावर चित्रकाराचं नाव असतं, मग यावर का नाही?

रेनियर_दिसतो_का

मी एव्हरेटपासून अर्ध्या तासावर राहतो. फंकोचं मुख्यालय तिथेच, वॉशिंग्टन राज्यात. कंपनी १९९८ साली जवळच्या स्नोहोमिशमध्ये माइक बेकर यांनी सुरू केली. तेव्हा हलणाऱ्या डोक्यांच्या बाहुल्या हाच मुख्य माल होता. २००५मध्ये ब्रायन मारिओटी यांनी ती विकत घेतली, आणि २०१०च्या सॅन डिएगो कॉमिक-कॉन या कॉमिक्सच्या मेळाव्यात आज ज्याला आपण पॉप म्हणतो त्याचे पहिले नमुने आले. त्यात बॅटमॅन होता, म्हणून त्या मालिकेत बॅटमॅनचा क्रमांक एक. ऑगस्ट २०१७पासून मुख्यालयाखालीच मोठं दुकान आहे. आत माणसापेक्षा उंच आकृत्या, मुलं त्यांच्या पायांना मिठ्या मारतात. आईवडील भारतातून आले की आम्ही ट्युलिपची शेतं, बोइंगचा कारखाना आणि हे दुकान दाखवतो. माझी आई विणकाम करते. ती तिथे वीस मिनिटं एकाच कोपऱ्यात उभी राहून टोप्यांची घडण बघत होती.

एक गोष्ट मनाला लागलेली आहे तीही लिहितो. मार्च २०२३मध्ये कंपनीने जाहीर केलं की गोदामांत माल इतका साठलाय की तो ठेवून घेण्यापेक्षा नष्ट करणं स्वस्त पडेल. त्या मालाची किंमत ३ कोटी ते ३ कोटी ६० लाख डॉलर सांगितली होती. साचेवाल्यांनी वर वर्णन केलंय तसं एकेक डोकं भट्टीतून चिमट्याने ओढलेलं. आणि ते सगळं कचऱ्याच्या खड्ड्यात. पीव्हीसी कुजत नाही. त्या बातमीनंतर मी नवं घेणं खूप कमी केलं. जे घेतो ते दुसऱ्या संग्राहकाकडून.

अक्कलकाढा

ती बातमी वाचली होती, पण भट्टी आणि चिमटा वाचल्यावर आज जास्त लागली.

जकात_नाका

भारतात हे इतकं महाग आणि दुर्मीळ का, असं दर महिन्याला कोणीतरी विचारतं. म्हणून एकदाच लिहून ठेवतो. खेळण्यांवरचं आयात शुल्क फेब्रुवारी २०२०च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं आणि २०२३मध्ये ७० टक्के. दुसरं म्हणजे १ जानेवारी २०२१पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, आणि परदेशी कारखान्यालाही त्यासाठी आपल्या मानक ब्युरोचा परवाना लागतो. देशातल्या कारागिरांसाठी हा आधार आहे आणि मी त्याच्या बाजूने आहे. पण संग्राहकाला दुकानातल्या किमतीचा धक्का बसतो त्यामागे हे आहे.

किमतीच्या मोहात नकली माल घेऊ नका. खोक्याच्या तळाला छापलेला संकेतांक आणि आकृतीच्या पायावरचा किंवा मानेवरचा संकेतांक ताडून बघा. अक्षरांच्या कडा फुटलेल्या असतील, रंगाचा वास तिखट असेल, तर पैसे परत मागा. मला एका ऑनलाइन विक्रेत्याने एकदा असा माल पाठवला होता. उघडल्यापासून खोलीत रॉकेलसारखा वास. परत घ्यायला त्याने सहा आठवडे लावले.

सड्यावरचा

रत्नागिरीहून. दमट हवेत संग्रह ठेवणाऱ्यांसाठी माझा अनुभव.

एका छोट्या कंपनीची विनाइलची बाहुली मी दहा वर्षांपूर्वी घेतली होती. तीन पावसाळे ठीक गेले. चौथ्यात तिचं अंग चिकट झालं, बोट लावलं की ठसा उमटायचा. ती प्लॅस्टिकच्या ज्या पांढऱ्या फळीवर उभी होती तिथे तिच्या पायांचे दोन खड्डे पडले. फळी वितळल्यासारखी.

मी आता काय करतो: बंद काचेचं कपाट नको, थोडी हवा खेळू द्यायची. बाहुलीखाली काच किंवा सागाची फळी. सावंतवाडीच्या चितार आळीत लाकडी खेळण्यांच्या दुकानात एकाने मला छोटे लाकडी पाट करून दिले, तेच वापरतो. पुठ्ठ्याच्या खोक्यांत जूनच्या आधी सिलिका जेलच्या पुड्या टाकायच्या आणि गणपती गेले की बदलायच्या. चिकटपणा आला तर कोमट पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब. स्पिरिट अजिबात नाही, रंग निघतो.

साचेवाला

सड्यावरच्यांनी सांगितलेले दोन खड्डे, त्याचं कारण तोच मऊ करणारा द्रव. तो पीव्हीसीच्या साखळ्यांना बांधलेला नसतो, नुसता मुरलेला असतो, लोणच्यातल्या तेलासारखा. उष्णता आणि वर्षं मिळाली की हळूहळू बाहेर येतो. पृष्ठभागावर राहिला तर चिकटपणा. शेजारी पॉलिस्टायरीन (एक कडक प्लॅस्टिक) असेल तर त्यात शिरून त्यालाच मऊ करतो.

वाहनाच्या जोडीत हे लक्षात ठेवा. बाहुली मऊ, गाडी कडक, दोघं एकमेकांना टेकून. थंड सावलीत वर्षानुवर्षं काही होत नाही. खिडकीतल्या उन्हात ठेवू नका. एवढंच.

दिंडी_दरवाजा

धागा कुठल्या कुठे गेला, वाचत राहिलो.

दोन दिवस तुमच्या उत्तराचा विचार करत होतो, कागदी_होडी. तुम्ही गोष्ट १४१व्या अंकात गाडी बुडाली तिथे थांबवलीत, पण ती तिथे संपत नाही. सप्टेंबर १९७६च्या १६०व्या अंकात ती परत येते. तोवर लेखक लेन वीन झालेले. टिंकरर नावाचा कारागीर खलनायक ती पाण्यातून काढून दुरुस्त करतो आणि तिच्या मालकावरच सोडतो. तेव्हा ती भिंतीवर चढते! गाडी भिंतीवर आणि स्पायडर-मॅन तिच्यापुढे पळतोय.

तो अंक मी काल पुन्हा काढला. माझा आक्षेप असा होता की गाडीत बसला की तो कोळी उरत नाही. पण भिंतीवर चढणारी गाडी ही कोळ्याचीच गाडी आहे. मग तुम्ही ती कपाटात आडवी का ठेवली आहे?

मोगरा

अरे वा! भिंतीवर लावा! भिंतीवर लावा!

पेणची_पोर

खरंच लावा. समोरून एकाग्र आणि बाजूने चकित दिसणारा चेहरा खालून कसा दिसेल याची मला फार उत्सुकता आहे. आमच्याकडे मूर्ती उंचावर बसणार असेल तर काका बुबुळं किंचित खाली आखतो.

कागदी_होडी

दिंडी_दरवाजा, १६०वा अंक माझ्या वाचनातून सुटला होता. तुम्ही काढून दिलात त्याबद्दल मनापासून आभार. लेकीला वाचून दाखवलं. तिने लगेच गाडी उचलून भिंतीला लावली आणि हात दुखेपर्यंत धरून ठेवली.

साचेवाला, लावायची कशी? दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप चालेल का?

साचेवाला

टेप नको. उन्हाळ्यात डिंक सैल होतो आणि रात्री तीन वाजता आवाज येतो. शिवाय काढताना रंग घेऊन निघतो.

मुख्य मुद्दा वजनाचा. उभी केली की सगळं वजन मागच्या बाजूला येतं आणि आतला गडी पाठीवर पडतो. पीव्हीसीवर सतत भार असेल तर ते वर्षभरात वाकतं, उष्णतेत लवकर. म्हणून मागच्या बंपरवर टेकवू नका. मागच्या दोन चाकांच्या खाली, आसाच्या जवळ, दोन छोटे कोन लावा आणि वरून पुढच्या आसाला पारदर्शक मासेमारीच्या दोऱ्याचा एक सैल फास. दोऱ्याने फक्त पुढे पडू द्यायचं नाही, वजन कोनांनी घ्यायचं. कोनांवर वाटलं तर लोकरीच्या कापडाचा तुकडा. फोमची पट्टी नको, तीही काही वर्षांत चिकटते. भिंत कुठली आहे? दुपारचं ऊन येणारी नको.

बाहुली कालांतराने झुकलीच तर खाली काढा, गरम पाण्यात मिनिटभर धरा, सरळ करा, लगेच थंड पाण्यात. उकळतं पाणी नाही.

सड्यावरचा

आणि पावसाळ्यात ओल येणारी भिंतही नको. बाहेरच्या बाजूची भिंत टाळा.

कागदी_होडी

झालं! रविवारी बाबांनी ड्रिल काढलं. दिवाणखान्यातली आतली भिंत, पुस्तकांच्या कपाटाच्या शेजारी. ना ऊन, ना ओल. दोन पितळी कोन, आजीच्या जुन्या शालीचे दोन तुकडे, वर दोरा. दोरा हातभर अंतरावरूनही दिसत नाही.

पुढची चाकं वर, छताकडे. जमिनीपासून लेकीच्या डोक्याच्या बरीच वर. पेणची_पोर, खालून बघितलं तर पांढऱ्या पाकळ्यांची वरची किनार जवळ येते आणि खालची पसरते. चेहरा हसतो. तोंड नसताना! मी बाबांनाही बघायला लावलं, ते म्हणाले, "हो की गं."

लेकीने कपाटातला घोस्ट रायडर मागितला, त्याच्या मागे लावायला. तो आपल्याकडे नाही, मोगरामावशीकडे आहे असं सांगितलंय.

मोगरा

पुढच्या महिन्यात ठाण्याला येतेय. घेऊन येते. कोन दोन जास्तीचे आणून ठेव.